आखातात डेटा वेअरहाऊस सल्लागार म्हणून जाताना: कागद, पगार आणि प्रत्यक्ष काम (सातारा-सांगलीकरांसाठी)

घाटमाथा_विटा (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. सांगलीचं वालचंद, कराडचं शासकीय अभियांत्रिकी, साखराळ्याचं आरआयटी इथून बाहेर पडून पुण्यात ईटीएल (स्रोत प्रणालींतून डेटा उचलून, साफ करून चढवणं) आणि डेटा वेअरहाऊसमध्ये (अहवालांसाठी एकत्र ठेवलेला डेटा) सहा-सात वर्षं काम केलेल्या मुलांना दुबई, रियाध, दोहा इथून फोन येत असतात. पगाराचा आकडा घरी लगेच कळतो, प्रस्तावाचा कागद मात्र कुणी नीट वाचत नाही. म्हणून हा धागा.

चर्चेला दोन नमुने देतो. पहिला: दुबईतली मनुष्यबळ पुरवणारी कंपनी, व्हिसा तिचा, काम एका बँकेत. महिना १८,००० दिरहम, त्यात बेसिक (मूळ पगार) ४० टक्के, बाकी भत्ते. "आधी भेट व्हिसावर या, कामाचा व्हिसा इथे आल्यावर करू" असं म्हणणं. दुसरा: रियाध, महिना २०,००० रियाल, बायको आणि दोन मुलं सोबत. यात काय बघायचं? आणि डेटाच्या कामात तिथे पुण्यापेक्षा वेगळं काय असतं? जाणकारांनी नियम, आकडे, पायऱ्या लिहाव्यात.

माहुलीकर

घाटमाथा, आधी भेट व्हिसाचं बघू. भेट व्हिसावर जाऊन मुलाखत देणं वेगळं आणि कामावर बसणं वेगळं. दुसरं अमिरातीत बेकायदा आहे, आणि त्या काळातला पगार अडकला तर दाखवायला नोंदलेला करारच नसतो. बरोबर क्रम असा: कंपनी तिथल्या मनुष्यबळ मंत्रालयाच्या ठरलेल्या नमुन्यात प्रस्ताव पाठवते. तो अरबीत आणि इंग्रजीत असतो, त्यावर क्रमांक असतो. तुमची सही झाली की वर्क परमिट, मग प्रवेश परवाना, आणि तो हातात आल्यावर विमान. उतरल्यावर वैद्यकीय तपासणी, बोटांचे ठसे, एमिरेट्स आयडी, निवास परवाना.

कंपनीच्या लेटरहेडवरचं ऑफर लेटर म्हणजे हा प्रस्ताव नव्हे. दोन्ही कागद शेजारी ठेवून बेसिक, एकूण रक्कम आणि हुद्दा जुळतो का बघा. वाद झाला तर वजन नोंदलेल्या कराराला असतं. कंपनी फ्री झोनमधली (स्वतःचे नियम असलेल्या खास व्यापारी क्षेत्रातली) असेल तर करार त्या झोनच्या प्राधिकरणाकडे नोंदतात. दुबईच्या डीआयएफसी या आर्थिक केंद्राचा तर रोजगार कायदाच वेगळा आहे. तेव्हा पुढचे आकडे लावण्याआधी कंपनी नेमकी कुठे नोंदलेली आहे ते विचारा.

आता ते ४० टक्के. २०२१ चा ३३ क्रमांकाचा कामगार कायदा २ फेब्रुवारी २०२२ पासून लागू आहे. त्यात ग्रॅच्युइटी बेसिकवर मोजतात: पहिली पाच वर्षं दर वर्षाचे २१ दिवस, पुढे दर वर्षाचे ३० दिवस, आणि एक वर्ष भरल्याशिवाय काही नाही. १८,००० चे ४० टक्के म्हणजे बेसिक ७,२००, दिवसाला २४०. तीन वर्षांचे ६३ दिवस धरले तर १५,१२० दिरहम. बेसिक ६० टक्के असतं, म्हणजे १०,८००, तर दिवसाला ३६० आणि तीन वर्षांचे २२,६८०. एकूण पगार तोच, निघताना फरक ७,५६० दिरहमचा. न घेतलेल्या रजेचे पैसेही बेसिकवरच मिळतात. बेकारी विम्याची भरपाईसुद्धा बेसिकच्या ६० टक्के, तीन महिन्यांपर्यंत. बेसिक १६,००० पर्यंत असेल तर हप्ता महिना ५ दिरहम आणि भरपाई महिन्याला जास्तीत जास्त १०,०००. एकूण आकडा वाढवून द्यायला कंपनी तयार नसेल तर बेसिकचं प्रमाण वाढवून मागा. त्यासाठी कंपनीला आज खिशातून काही काढावं लागत नाही, त्यामुळे बऱ्याचदा मान्य होतं.

प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने. त्या काळात कंपनीने काढलं तर १४ दिवसांची नोटीस. तुम्ही देश सोडून जाणार असाल तर तुमचीही १४ दिवसांची, आणि अमिरातीतच दुसरीकडे जाणार असाल तर एक महिन्याची.

मनुष्यबळ कंपनीच्या करारात आणखी एक कलम हमखास असतं: ज्या बँकेत काम केलं तिथे पुढे थेट नोकरी धरायची नाही. कायद्याने असं बंधन दोन वर्षांपलीकडे घालता येत नाही, आणि ठिकाण, मुदत, कामाचं स्वरूप स्पष्ट लिहावं लागतं. "आखातात कुठेही, डेटाचं कोणतंही काम" असं मोघम लिहिलं असेल तर सहीच्या आधी दुरुस्त करून घ्या.

कोयनाकाठ

दादा, एजंट व्हिसाचे म्हणून दीड लाख मागतोय, असं एका पोरानं विचारलंय. काय सांगू?

माहुलीकर

देऊ नको म्हणून सांगा. भारतात नोंदणीकृत भरती एजंटाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये अधिक जीएसटी घेता येतो, तोही पावती देऊन. एजंटाचा परवाना ई-मायग्रेट पोर्टलवर तपासता येतो. अमिरातीच्या कायद्यात तर भरतीचा आणि व्हिसाचा खर्च कामगाराकडून घ्यायलाच बंदी आहे, थेट किंवा पगारातून कापूनही. "दोन वर्षांच्या आत सोडलंत तर व्हिसाचा खर्च परत द्या" हे कलमही त्याच बंदीत बसतं. त्या पोराच्या पासपोर्टवर ईसीआरचा (परदेशी नोकरीला जाण्याआधी सरकारी मंजुरी लागते असा) शिक्का आहे का तेही बघायला सांगा. दहावी झालेल्याला तो लागत नाही, पण पासपोर्ट काढताना दहावीचं प्रमाणपत्र जोडलेलं नसेल तर पडलेला असतो. पदवीधर असूनही विमानतळावर अडवतात ते यामुळेच. निघायच्या आधी पुण्याच्या पासपोर्ट कार्यालयाकडे अर्ज करून काढून घ्यावा.

मिरज_जंक्शन

कागदपत्रांची जबाबदारी माझ्याकडे. सगळ्यात जास्त वेळ इथे जातो, म्हणून राजीनाम्याआधीच सुरू करा.

अमिरात, कतार, कुवेत यांच्यासाठी पदवीचा प्रवास असा: विद्यापीठाकडून पडताळणी, मग मुंबईला मंत्रालयातून राज्य शासनाचं साक्षांकन, मग परराष्ट्र मंत्रालय, मग त्या देशाचा दूतावास किंवा वकिलात, आणि शेवटी तिथे पोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र खात्याचा शिक्का. आपल्या भागातली बहुतेक पदवी शिवाजी विद्यापीठाची, म्हणजे पहिली फेरी कोल्हापूरला. प्रांताच्या शिक्क्यावर परराष्ट्र मंत्रालयाची मोहोर काही वेळा मिळते, पण नोकरीसाठी बऱ्याच कंपन्या राज्य शासनाचंच साक्षांकन मागतात. कोणतं चालेल ते कंपनीच्या एचआरकडून ईमेलवर लिहून घ्या, फोनवर नको.

सौदी, ओमान, बहरीन हे अपोस्टिल (एकाच शिक्क्यावर कागद परदेशात मान्य होण्याच्या) करारातले देश आहेत. सौदीला तो ७ डिसेंबर २०२२ पासून लागू झाला. तिथे दूतावासाची पायरी गळते आणि परराष्ट्र मंत्रालयाचं अपोस्टिल चालतं. जुन्या याद्या बघून कुणी सौदीसाठीही दूतावासाच्या शिक्क्याचे पैसे घेत असेल तर आधी एचआरला विचारा.

कुठे अडतं ते सांगतो. एक, प्रोव्हिजनल प्रमाणपत्र चालत नाही, दीक्षान्त समारंभाचं मूळ पदवी प्रमाणपत्रच लागतं. ज्यांनी अर्ज करून ते घेतलंच नाही त्यांचे आठवडे तिथे जातात. दोन, नावाचा क्रम. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर दोन रकाने. शब्द तेच असतील तर सहसा निभावतं, पण "राव" किंवा "सो" एका कागदावर आणि दुसऱ्यावर नाही, किंवा स्पेलिंगमध्ये एक अक्षर इकडेतिकडे असलं तर परत पाठवतात. पासपोर्टात आडनावाचा रकाना रिकामा असेल तर तो आधी भरून घ्या. एकेरी नावावर अमिरातीच्या भेट व्हिसाला २०२२ च्या अखेरीपासून प्रवेश बंद आहे, म्हणजे घरच्यांना बोलवायचं तर तिथेच अडेल. तीन, पत्नीला न्यायचं असेल तर विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र. ग्रामपंचायतीचं किंवा नगरपालिकेचं चालतं, पण त्यालाही मंत्रालयापासूनची हीच साखळी. मुलांच्या जन्मदाखल्याला पण. दाखल्यावर मुलाचं नाव चढवलेलं नसणं हे गावाकडे सर्रास दिसतं, ते आधी चढवा.

वैद्यकीय तपासणी: सौदी आणि कुवेतसाठी वाफिद पोर्टलवरून नेमून दिलेलं केंद्र घ्यावं लागतं, घरच्या डॉक्टरांचा अहवाल चालत नाही. छातीच्या एक्स-रेत जुन्या क्षयरोगाचा व्रण दिसला तरी अपात्र ठरवतात, रोग पूर्ण बरा झालेला असला तरी. ज्यांना लहानपणी टीबी झालेला आहे त्यांनी राजीनामा देण्याआधी साधा एक्स-रे काढून बघावा.

कोयनाकाठ

पदवी दूरशिक्षणाची असली तर?

मिरज_जंक्शन

विद्यापीठाच्या पत्रात शिक्षणाचा प्रकार लिहून येतो, तो लपत नाही. कंपनीला आधीच सांगा. व्हिसावरचा हुद्दा पदवीशी जुळावा लागतो, त्यामुळे त्यांना दुसरा हुद्दा टाकावा लागू शकतो. सौदीत हुद्दा "अभियंता" टाकला तर सौदी अभियंता परिषदेची नोंदणी आली. पदवी बीसीए, एमसीए असेल तर तो शब्द टाकूच देऊ नका.

तासगावचा_बेदाणा

घाटमाथा दादा, तुमच्या रियाधच्या नमुन्यात कुटुंबाचा कर धरलेला दिसत नाही. परदेशी कामगाराच्या प्रत्येक अवलंबितामागे सौदी सरकार महिना ४०० रियाल घेतं. २०१७ मध्ये हा कर १०० पासून सुरू झाला आणि २०२० पर्यंत ४०० वर गेला. बायको आणि दोन मुलं म्हणजे महिना १,२००, वर्षाला १४,४००, आणि इकाम्याच्या (निवास परवान्याच्या) नूतनीकरणाला तो आगाऊ भरावा लागतो. कंपनी भरणार की तुम्ही, हे करारात लिहिलेलं हवं. "फॅमिली स्टेटस" एवढेच शब्द असतील तर त्यातून काही सिद्ध होत नाही. मुलांच्या शाळेचंही तसंच.

सौदीतली सेवासमाप्तीची रक्कम पहिली पाच वर्षं दर वर्षाला अर्धा महिना, पुढे एक महिना, आणि ती भत्ते धरून मोजतात. पण राजीनामा दिला तर दोन वर्षांच्या आत शून्य, दोन ते पाच वर्षांत एक तृतीयांश, पाच ते दहात दोन तृतीयांश. २०,००० रियालवर तीन वर्षांचे ३०,००० होतात. कराराची मुदत संपून निघालात तर पूर्ण मिळतात, मधेच राजीनामा दिला तर १०,०००. म्हणून सौदीत सोडायची तारीख कराराच्या शेवटाशी जुळवावी, आणि आपोआप नूतनीकरणाचं कलम असेल तर त्याआधी किती दिवस कळवायचं ते वहीत लिहून ठेवावं. करार "किवा" या सरकारी पोर्टलवर नोंदवून तुम्ही तिथे मंजूर करायचा असतो. मंजुरी देताना पगाराचे रकाने परत वाचा. देशाबाहेर जाऊन परत यायला एक्झिट-रीएंट्री परवाना लागतो, एका खेपेचा दोन महिन्यांपर्यंत २०० रियाल.

दुबईला पहिल्या महिन्याचा रोख खर्च लोकांना अंगावर येतो. भाडं वर्षाचं ठरतं आणि पुढच्या तारखांच्या चेकने द्यायचं, एक, दोन, चार जसं मालक मानेल तसं. वर्षाला ६०,००० चं घर चार चेकवर घेतलं तर पहिला चेक १५,०००, अनामत ५ टक्के म्हणजे ३,०००, दलाली साधारण ५ टक्के म्हणजे ३,०००, वीज-पाण्याची अनामत २,०००. झाले २३,०००, पहिल्या पगाराच्या आधी. त्यात चेकबुक मिळायला बँक खातं हवं आणि खात्याला एमिरेट्स आयडी. म्हणून पहिले तीन-चार आठवडे राहायची सोय आणि घरभाड्याची उचल, दोन्ही कंपनीकडून ऑफरमध्येच लिहून घ्यावं. घर घेतलं की इजारी (भाडेकराराची सरकारी) नोंदणी करायचीच, कुटुंबाच्या व्हिसाला ती लागते. वीजबिलात महापालिकेचा गृहकर म्हणून वार्षिक भाड्याच्या ५ टक्के, बारा हप्त्यांत, येत राहतो.

वारणाकाठ

आता कामाबद्दल. टूल तीच: ओरॅकल, टेराडेटा, इन्फॉर्मॅटिका, डेटास्टेज, एसएसआयएस, पॉवर बीआय. फरक डेटात आहे, आणि मुलाखतीत तोच कळून येतो.

तारखेची डायमेन्शन, म्हणजे प्रत्येक दिवसाची माहिती ठेवणारं टेबल, घ्या. पुण्यात शनिवार-रविवार सुट्टी म्हणून एक खूण टाकली की काम झालं. आखातात सुट्टीचा वार देशाप्रमाणे आणि वर्षाप्रमाणे बदलतो. सौदीत जून २०१३ च्या अखेरीपर्यंत गुरुवार-शुक्रवार होता, तेव्हापासून शुक्रवार-शनिवार. अमिरातीत २०२१ च्या अखेरीपर्यंत शुक्रवार-शनिवार, १ जानेवारी २०२२ पासून शनिवार-रविवार आणि शुक्रवारी अर्धा दिवस. शारजात शुक्रवार धरून तीन दिवस. म्हणजे सुट्टीची खूण तारखेच्या टेबलात एका रकान्यात बसत नाही. देश आणि लागू तारखा धरून वेगळं टेबल लागतं. नाहीतर २०२० चे "कामाचे दिवस" आजच्या नियमाने मोजले जातात आणि शाखेची उत्पादकता खोटी येते. ईद चंद्रावर ठरते, म्हणून सुट्ट्यांचं टेबल व्यवसायाच्या माणसाला शेवटच्या दिवशीही बदलता आलं पाहिजे. कोडमध्ये तारखा लिहू नका.

हिजरी (इस्लामी चांद्र) वर्ष ३५४ किंवा ३५५ दिवसांचं. रमजान दरवर्षी साधारण ११ दिवस अलीकडे येतो. २०२४ मध्ये तो ११ मार्चला लागला, २०२५ मध्ये १ मार्चला. मार्चची मार्चशी तुलना केली तर एकीकडे रमजानचे २१ दिवस आणि दुसरीकडे जवळजवळ अख्खा महिना. कार्डावरची खरेदी, शाखेतली गर्दी, कामाचे तास सगळं त्यात बदलतं. म्हणून तारखेच्या टेबलात हिजरी दिवस, महिना, वर्ष, रमजानचा कितवा दिवस हे रकाने पहिल्या दिवसापासून ठेवा, आणि अहवालात "मागच्या हिजरी वर्षाचा तोच काळ" हा पर्याय द्या.

पैसे. दिरहम, सौदी आणि कतारी रियाल यांना दोन दशांश स्थळं. कुवेती दिनार, बहरीनी दिनार आणि ओमानी रियाल यांना तीन, कारण एका दिनाराचे १,००० फिल्स, एका ओमानी रियालाचे १,००० बैसा. रकमेचा रकाना दोन दशांशांचा ठेवला तर कुवेतच्या शाखेची प्रत्येक नोंद गोल होते आणि जनरल लेजरशी (मुख्य खातेवहीशी) ताळा बसत नाही. फरक इतका बारीक असतो की महिनाअखेरीपर्यंत दिसत नाही. रक्कम चार दशांशांत, विनिमय दर आणखी जास्त स्थळांत ठेवा. दिरहम डॉलरला ३.६७२५ आणि सौदी रियाल ३.७५ वर बांधलेला आहे, म्हणून काही जण दर कोडमध्येच लिहून मोकळे होतात. कुवेती दिनार चलनांच्या टोपलीशी बांधलेला आहे, तो हलतो. दर टेबलातूनच घ्या.

आयबॅनची (आंतरराष्ट्रीय बँक खाते क्रमांकाची) लांबीही वेगवेगळी: अमिरात २३, सौदी २४, कतार २९, कुवेत ३०, बहरीन २२. रकाना २४ चा ठेवला तर कुवेतचे आकडे शेपटीकडून कापले जातात आणि काही टूल त्याची तक्रारही करत नाहीत.

अरबी मजकूर. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत अरबी अक्षर दोन बाइट घेतं. ओरॅकलमध्ये रकाना ५० बाइटचा असेल तर २५ अक्षरांच्या पुढचं नाव ओआरए-१२८९९ देऊन पडतं. लांबी अक्षरांत जाहीर करा. एसक्यूएल सर्व्हरमध्ये एनव्हारकार (कुठलीही लिपी ठेवणारा रकाना) ऐवजी लॅटिन कोलेशनचा (लॅटिन लिपीसाठी ठरवलेला) व्हारकार वापरला तर नावाच्या जागी प्रश्नचिन्हं येतात, आणि ती परत अक्षरं होत नाहीत. स्रोतातून पुन्हा उचलावं लागतं. टेराडेटात लॅटिन रकान्यात अरबी गेलं की ६७०६ ची चूक. जुन्या कोअर बँकिंगमधून (बँकेच्या मुख्य व्यवहार प्रणालीतून) येणारी फाइल बऱ्याचदा विंडोज-१२५६ मध्ये असते. पहिल्याच दिवशी फाइलचं एन्कोडिंग लेखी मागा.

अक्षरं नीट आली तरी जोडणी चुकते. अलिफ हमजासह आणि हमजाविना लिहितात, शब्दाच्या शेवटी ता-मरबूता आणि हा यांची अदलाबदल होते, अक्षर ताणणारी कशीदा मधे येते, आणि लिपीची दिशा सांगणारी अदृश्य चिन्हं कॉपी-पेस्टमधून आत शिरतात. दोन नावं डोळ्यांना सारखी दिसतात, पण जॉइन होत नाही. जुळवणीसाठी साफ केलेला वेगळा रकाना ठेवा, मूळ मजकुराला हात लावू नका. इंग्रजी नावावर तर जुळवूच नका. मोहम्मद हे एक नाव किती प्रकारे लिहितात ते कुठल्याही ग्राहक टेबलात दिसेल. अमिरातीत ७८४ ने सुरू होणारा १५ अंकी एमिरेट्स आयडी, सौदीत १० अंकी ओळख क्रमांक (नागरिकाचा १ ने, रहिवाशाचा २ ने सुरू) हे खरे आधार. पासपोर्ट क्रमांक जुळवणीचा आधार म्हणून धरला तर नूतनीकरणानंतर एकाच माणसाचे दोन ग्राहक होतात.

कोयनाकाठ

लै भारी माहिती. हिजरी तारीख एसक्यूएल सर्व्हरच्या कन्व्हर्टनं निघते की, मग वेगळा रकाना कशाला?

वारणाकाठ

कन्व्हर्टच्या १३० आणि १३१ या शैली कुवेती पद्धतीचं गणित वापरतात. सौदीचं अधिकृत कॅलेंडर उम्म अल-कुरा आहे. दोन्हींत एखाद्या दिवसाचा फरक पडतो, आणि तो महिन्याच्या सीमेवर पडला की महिनाच बदलतो. डॉट नेटमध्ये उम्म अल-कुराचा स्वतंत्र वर्ग आहे. त्यातून पुढच्या वीस-तीस वर्षांच्या तारखा एकदा काढून टेबलात भरा आणि नंतर सगळीकडे टेबलाशीच जोडा. स्रोतातून येणारी हिजरी जन्मतारीख मजकूर म्हणून घ्या. हिजरीत ३० दिवसांचा सफर येऊ शकतो; १४०० सालच्या दुसऱ्या महिन्याची ३० तारीख इंग्रजी तारखेच्या रकान्यात घातली तर नोंदच नाकारली जाते. आणि वय काढताना हिजरी वर्षं मोजू नका, ३३ हिजरी वर्षं म्हणजे इंग्रजी सुमारे ३२.

औदुंबर_घाट

वारणाकाठ यांच्याशी सहमत. इस्लामी बँकेबद्दल थोडी भर घालतो. तिथे मुराबहा, इजारा (भाडेतत्त्वावरचा व्यवहार) अशी उत्पादनं असतात. मुराबहात बँक वस्तू विकत घेऊन नफा धरून ग्राहकाला विकते, नफा सुरुवातीलाच ठरलेला असतो आणि मुदतीवर वाटून ओळखला जातो. आपल्या नेहमीच्या मॉडेलमधला व्याजाचा रकाना उचलून त्यात हा नफा टाकला तर नाव चुकतं आणि हिशेबही चुकतो, कारण थकबाकी वाढली म्हणून मुराबहाची किंमत वाढत नाही. मॅपिंगच्या (स्रोतातला कोणता रकाना कुठे जातो त्या) कागदात "नफा" आणि "न ओळखलेला नफा" असे वेगळे रकाने ठेवा.

क्लाउडचं बोलताना डेटा कोणत्या देशात राहणार हे पहिलं. अॅमेझॉनची केंद्रं बहरीनमध्ये २०१९ पासून आणि अमिरातीत २०२२ पासून आहेत, अॅझ्युअरची दुबई आणि अबू धाबीत २०१९ पासून, गुगलची दोहा आणि दम्मामला २०२३ पासून. सौदीचा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा १४ सप्टेंबर २०२३ ला लागू झाला आणि पालनाची सवलत वर्षभराने संपली. बँकांवर मध्यवर्ती बँकेचे नियम त्याहून कडक. याचा रोजचा परिणाम असा की पुण्यातल्या टीमला खरा डेटा देता येत नाही. दूरस्थ डेस्कटॉप, मुखवटा घातलेला चाचणी डेटा, आणि त्यावर बँकेची लेखी परवानगी. क्वेरीचा निकाल स्वतःच्या मेलवर पाठवणं किंवा सार्वजनिक एआय साधनात पेस्ट करणं तिथे फौजदारी प्रकरण होऊ शकतं.

रियाधच्या प्रकल्पात पुण्याच्या टीमशी जुळणारे वार सोमवार ते गुरुवार असे चारच. रविवारी बँक चालू आणि पुणं बंद, शुक्रवारी उलटं. गुरुवारी रात्री नवं कोड चढवलं तर शुक्रवार-शनिवारचा बॅच (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं) बिघडल्यावर तो बघायला बँकेत माणूस नसतो. सोमवार किंवा मंगळवार बरा.

तासगावचा_बेदाणा

घरच्या बाजूचंही लिहिते, कारण आपल्याकडे बहुतेकांच्या नावावर ऊस नाहीतर द्राक्षबाग असते.

आयकराचा हिशेब: नोकरीसाठी देश सोडणाऱ्या भारतीय नागरिकाला त्या आर्थिक वर्षात भारतात १८२ दिवस भरले तर तो निवासी. १ एप्रिलपासून मोजलं तर २८ सप्टेंबरला १८१ दिवस होतात. ५ ऑक्टोबरला निघालात तर १८८, म्हणजे त्या वर्षीचा आखातातला पगारही भारतात करपात्र होऊ शकतो. सप्टेंबरच्या मध्यात निघून दिवाळीला तीन आठवडे आलात तरी तेच होतं, सुट्टीचे दिवस मिळवले जातात. रुजू व्हायची तारीख ठरवण्याआधी हे बोटावर मोजा.

फेमाचा (परकीय चलन कायद्याचा) नियम वेगळा. नोकरीसाठी बाहेर गेलात की त्या दिवसापासून अनिवासी, दिवस मोजायचे नाहीत. अनिवासीला शेतजमीन विकत घेता येत नाही. आधीची ठेवता येते, वारसाने आलेली घेता येते. शेजारचं रान घ्यायचा व्यवहार चालू असेल तर खरेदीखत निघायच्या आधी करा. बचत खातं एनआरओ (अनिवासीचं भारतातल्या उत्पन्नासाठीचं खातं) करावं लागतं. कारखान्याचं उसाचं बिल जिल्हा बँकेतल्या साध्या खात्यावर येत असेल तर एनआरओची सोय असलेल्या बँकेचा खाते क्रमांक कारखान्याला वेळेत द्या. तिकडून पाठवायचा पगार एनआरई खात्यात, त्याचं व्याज करमुक्त. एनआरओच्या व्याजावर मात्र कर कापून येतो. पीपीएफ मुदत संपेपर्यंत चालतं, नवं उघडता किंवा वाढवता येत नाही.

सात-बारा, पीककर्ज, वाटणी यासाठी घरच्या माणसाला कुलमुखत्यारपत्र द्यायचं तर दुय्यम निबंधकाकडे आधीच नोंदवा, आणि त्यात गट नंबर आणि कोणती कामं ते स्पष्ट लिहा. तिथून पाठवायचं झालं तर भारतीय वकिलातीत साक्षांकन आणि इथे आल्यावर तीन महिन्यांत मुद्रांक.

आणि एक, आई नक्की डबा भरून देईल म्हणून. खसखस अमिरातीत आणि सौदीत बंदीच्या यादीत आहे. घरच्या कांदा-लसूण मसाल्यात, अनारशांवर ती असते. मसाला बिनखसखशीचा करून घ्या. कोडीन असलेलं खोकल्याचं औषध, ट्रॅमाडॉल या गोळ्या परवानगीशिवाय नेऊ नका. बाकीच्या औषधांना चिठ्ठी सोबत, मूळ वेष्टनात.

घाटमाथा_विटा

सगळ्यांचे मनापासून आभार. शेवटचं एक विचारतो: मुलाखतीच्या शेवटी "तुम्हाला काही विचारायचंय?" म्हणतात, तेव्हा उमेदवाराने काय विचारावं?

वारणाकाठ

स्रोत प्रणाली किती, आणि प्रत्येकीचा मालक विभाग कोण. कोअर बँकिंगचा दिवस किती वाजता बंद होतो आणि पहिला अहवाल किती वाजता लागतो. रात्री २ ला दिवस बंद होत असेल आणि अहवाल ६ ला हवा असेल तर चार तासांत सगळा बॅच बसवायचाय, त्यातला एक तास पुन्हा चालवण्यासाठी राखून. इतिहास किती वर्षांचा चढवायचा आणि तो जुन्या प्रणालीतून मिळणार की टेपवरून. आयएफआरएस ९ या लेखा मानकाच्या (कर्जबुडीच्या तरतुदीच्या) गणिताला जुनी थकबाकी लागते आणि ती बऱ्याचदा नसते. स्रोत-ते-लक्ष्य मॅपिंगवर सही कोण करणार. या शेवटच्या प्रश्नाला "आयटी करेल" असं उत्तर आलं तर स्वीकृती चाचणीत वित्त विभाग प्रत्येक आकडा नाकारू शकतो. तेव्हा वित्त विभागाच्या माणसाचं नाव प्रकल्पाच्या व्याप्तीच्या कागदावर आहे का, तेवढं विचाराच.

माहुलीकर

यात एकच जोडा: तो व्याप्तीचा कागद किती महिन्यांचा आहे. प्रकल्प नऊ महिन्यांचा आणि तुमचा करार दोन वर्षांचा असेल तर मधल्या पंधरा महिन्यांत काम नसताना पगार चालू राहणार का, पूर्ण की फक्त बेसिक, हे मनुष्यबळ कंपनीकडून लेखी घ्या.